वस्तुजाल (नाशिक परिसर)

वस्तुजाल म्हणजे संवेदक (सेन्सर), छोटा संगणक आणि बिनतारी संपर्क बसवून एकमेकांना जोडलेल्या वस्तूंचे जाळे, बोलण्यात ‘आयओटी’. ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’ हा शब्दप्रयोग केव्हिन ॲश्टन यांनी 1999 मध्ये रूढ केला. आधी संशोधकांना काय काय जोडता येईल याचेच वेड होते. आता विचारले जाते ते वेगळे : वस्तू निकामी झाली की जाते कुठे, आणि तिने गोळा केलेल्या माहितीचा मालक कोण?

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत संवेदक लावून उभ्या केलेल्या खांबाला बागाईतदार ‘वेदर स्टेशन’ म्हणतात. तापमान, आर्द्रता, पाऊस आणि मातीतला ओलावा तो मोजतोच. पण खरी किंमत आहे पान किती तास ओले राहिले या नोंदीची. केवडा या द्राक्षरोगाच्या, म्हणजे बागेतल्या भाषेत ‘डावणी’च्या, चलबीजाणूंना (हलत्या बीजकणांना) पोहायला पाण्याचा थर लागतो. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या कोवळ्या फुटीवर अवकाळी पाऊस किंवा दाट दव आले की ओलाव्याचे तास आणि तापमान यांच्या मेळावरून धोका ताडता येतो, आणि तारखा धरून मारलेल्या काही फवारण्या वाचतात. युरोपला जाणाऱ्या मालात औषधाच्या अंशाची मर्यादा कडक असल्याने ही बचत पैशांपुरती राहत नाही. भुरी या दुसऱ्या रोगाचे गणित मात्र निराळे. तिला पान ओले लागत नाही, दमट हवा पुरते. त्यामुळे ओलाव्याच्या एकट्या आकड्यावर विसंबणारा फसतो. लासलगाव भागातल्या कांदाचाळींसाठीही सडक्या कांद्याचा वायू हेरणारी साधने तयार झाली आहेत.

शाश्वत, म्हणजे टिकणाऱ्या आणि कमी कचरा करणाऱ्या, इलेक्ट्रॉनिकीची गरज कळते ती अशी साधने निकामी झाली की. 2022 मध्ये जगात 6.2 कोटी टन ई-कचरा झाला. त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद असलेला भाग 22.3 टक्के. भारतात 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेले ई-कचऱ्याचे नियम त्याच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकावर टाकतात. पण भंगारवाल्याला जुना मोबाइल हवा असतो. पाणी शिरू नये म्हणून राळेत बुजवलेला, चिखलाने माखलेला संवेदक त्याच्या तराजूत बसत नाही, आणि त्याच राळेमुळे तो दुरुस्तही होत नाही.

यावर एक उपाय बॅटरीच काढून टाकण्याचा. ऊन, उष्णता किंवा रेडिओलहरींतून मिळेल तेवढ्या विजेवर यंत्र चालते, वीज संपली की हिशेब स्मृतीत ठेवून थांबते आणि आली की तिथूनच पुढे जाते. भारनियमनातल्या पिठाच्या गिरणीसारखे. 2020 मध्ये अमेरिका आणि नेदरलँड्सच्या संशोधकांनी ऊन व बटणे दाबण्याची ऊर्जा यांवर चालणारा हातातला गेम करून दाखवला. 2021 मध्ये प्लॅस्टिकवर घडवलेला 32 बिटी प्रोसेसरही आला. मातीत विरघळणारे संवेदकही प्रयोगशाळांत आहेत, पण विरघळता विरघळता आकडा खरा राहील हे साधणे अवघड. बागेपुरते बोलायचे तर उघडता येणारा डबा आणि बदलता येणारा सेल हाच तूर्त भरवशाचा शाश्वतपणा.

लोककेंद्री, म्हणजे वापरणाऱ्यांच्याच हाती असलेल्या, जाळ्यांचा मुद्दा मालकीचा. लोरा या बिनतारी तंत्राने थोडी माहिती कमी विजेत काही किलोमीटर जाते, आणि भारतात 865 ते 868 मेगाहर्ट्‌झ पट्ट्याला परवाना लागत नाही. म्हणजे गावाला माहिती गोळा करणारे स्वतःचे केंद्र उभारता येते. एरवी माहिती कंपनीच्या सर्व्हरवर राहते, आणि वर्गणी थकली की खांब बुजगावण्याच्या कामाचा.

2015 च्या सिंहस्थासाठी अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबच्या सहभागाने झालेल्या ‘कुंभथॉन’ या नवकल्पनांच्या उपक्रमातून ‘आशिओटो’ ही पावले मोजणारी चटई पुढे आली. दाबावरून तिला गर्दी कळते, चेहरा कळत नाही. कॅमेऱ्याला दोन्ही कळते, हा फरक तंत्राच्या तपशिलाहून मोठा आहे.

सामाईक यंत्रणा चालवणे या जिल्ह्याला नवे नाही. बागलाणात मोसम नदीवरच्या फड या सामाईक सिंचनाच्या पद्धतीत पाणी वाटणारा पाटकरी शेतकरीच नेमत. ओझरच्या पाणीवापर संस्था 1990 च्या दशकापासून वाघाड कालव्याचे पाणी मोजून घेतात आणि पाणीपट्टी स्वतः वसूल करतात. शेतातल्या संवेदकांचे आकडे अजून अशा कुठल्या पाटकऱ्याच्या हाती आलेले नाहीत.