फटींमधली निळाई

श्रीखंडासाठी चक्का बांधला की पाणी लवकर निथळावं म्हणून आपण त्यावर वजन ठेवतो. उत्तर स्पेनमधल्या आस्तुरियास प्रांतात, पिकोस दे एउरोपा डोंगरांच्या कुशीत, काब्रालेस नावाचं ब्लू चीज (आत निळी बुरशी असलेलं चीज) करणारे नेमकं हेच टाळतात. गाईचं न उकळलेलं दूध (कधी त्यात शेळी-मेंढीचंही) रेनेटने (दूध गोठवणाऱ्या विकराने) घट्ट बसलं की ते छोट्या बोराएवढं कापायचं, साच्यात भरायचं आणि आपल्याच वजनाने बसू द्यायचं. दाब अजिबात नाही. त्यामुळे तुकड्यांमध्ये फटी राहतात, आणि पुढचं सगळं नाट्य या फटींतच घडतं.

कारण पेनिसिलियम रॉकफोर्टी ही बुरशी. तिला हवा लागते, पण थोडीच. इतर बहुतेक बुरश्या गुदमरतील एवढ्या कमी ऑक्सिजनवरही ती तग धरते. फ्रान्सच्या रॉकफोर या ब्लू चीजमध्ये तिचे बीजाणू मुद्दाम मिसळतात आणि हवा आत जावी म्हणून चीजला सुयांनी भोकं पाडतात. काब्रालेसच्या पारंपरिक रीतीत बुरशी कुणी घालत नाही. ती गुहेतून, फळ्यांवरून, हवेतून आपसूक येते आणि कडेकडून आत सरकत जाते. विरजणही न लावता दही लागावं, तसा हा प्रकार!

गुहा मात्र हवीच. हे डोंगर चुनखडीचे. पाण्याने दगड विरघळत विरघळत आत पोकळ्यांचं जाळं झालेलं. उन्हाळा असो की हिवाळा, गुहेत तापमान साधारण 8 ते 12 अंश सेल्सिअस आणि आर्द्रता 90 टक्क्यांच्या आसपास. खडकांच्या भेगांतून गार वारा वाहत असतो, त्याला तिथले लोक 'सोप्लाओ' म्हणतात. ओलाव्यामुळे चीज सुकत नाही, वाऱ्यामुळे बुरशीला श्वास मिळतो. लाकडी फळ्यांवर ठेवलेली चीजची ही गोल चाकं मधूनमधून उलटायची, पुसायची. असे निदान दोन महिने, पुष्कळदा त्याहून जास्त.

आता वासाकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. बुरशी दुधातली चरबी फोडते आणि मेदाम्लं मोकळी होतात. जिभेला बसणारा तिखट चटका बराचसा त्यांचाच. पण ही आम्लं फार साठली तर बुरशीलाच बाधतात. म्हणून ती त्यांचं रूपांतर मिथाइल कीटोन नावाच्या रेणूंमध्ये करते, असं मानलं जातं. ब्लू चीजचा तो ओळखीचा भपका मुख्यतः याच कीटोनांचा. म्हणजे खवय्ये डोळे मिटून ज्याचा आस्वाद घेतात, तो बुरशीने आपला जीव वाचवायला केलेला उद्योग!

पूर्वी हे चीज मेपलच्या एका जातीच्या रुंद पानांत गुंडाळत. आता हिरव्या फॉइलमध्ये मिळतं. पानं गेली याचं मला वाईट वाटतं, पण डाग पडलेल्या ओल्या पानापेक्षा फॉइल स्वच्छ, हेही खरंच. दर ऑगस्टअखेर अरेनास गावात स्पर्धा भरते आणि विजेत्या चाकाचा लिलाव होतो. 2024 मध्ये सव्वादोन किलोंच्या आसपासचं एक चाक 36,000 युरोंना गेलं.

राहिला रंग. ही निळाई बुरशीच्या बीजाणूंची, आणि ती टप्प्याटप्प्याने घडते: आधी पांढरी, मग पिवळसर-हिरवी, तपकिरी-गुलाबी, शेवटी निळी-हिरवी. नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी 2024 मध्ये हा क्रम उलगडला आणि तो मधेच थांबवून वेगवेगळ्या रंगांची चीज बनवली. उपकरणांनी तपासलं तर चव जवळपास सारखीच होती. चाखणारे मात्र फिक्या रंगाच्या चीजला सौम्य म्हणाले, आणि गडद रंगाच्या चीजला उग्र.