इंजिनावरचं किटण म्हणजे वाळलेलं एरंडेल

बडोद्यात उन्हाळा आला की वर्षाच्या गव्हाला एरंडेल चोळायची घरोघर गडबड असते. मॉडेल विमानं उडवणाऱ्यांना मात्र हेच तेल बाराही महिने लागतं, आणि तेच पुढे त्यांना छळतं.

या विमानांच्या छोट्या ग्लो इंजिनांना (ठिणगीऐवजी तापलेल्या तारेने इंधन पेटवणाऱ्या) पेट्रोल चालत नाही. त्यांचं इंधन म्हणजे मेथेनॉल, थोडं नायट्रोमिथेन आणि साधारण पाचवा हिस्सा तेल. टू-स्ट्रोक असल्यामुळे वंगणाची वेगळी टाकी नाही. तेल इंधनाबरोबर आत जातं आणि बरंचसं न जळताच धुराबरोबर बाहेर पडतं. साधं खनिज तेल मेथेनॉलमध्ये विरघळत नाही, एरंडेल विरघळतं. त्यातली ८५ ते ९० टक्के मेदाम्लं रिसिनोलिक आम्लाची असतात, आणि या आम्लाच्या साखळीवर अल्कोहोलात असतो तसाच हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, असतो. मेथेनॉलशी त्याचं जमतं ते त्यामुळे.

खोडीही तिथेच आहे. खूप तापलं की हा गट शेजारच्या हायड्रोजनसह पाणी होऊन निघून जातो आणि साखळीत आणखी एक दुहेरी बंध तयार होतो. मग हवेतला ऑक्सिजन साखळ्यांना एकमेकींत गुंतवतो. रंगाचे कारखाने एरंडेलाचं नेमकं हेच करून वॉर्निश बनवतात. सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पात्यांवरचा तपकिरी-काळा थर धूळ नव्हे, भाजून पक्का झालेला रंगच आहे. रेणूंचं जाळं विणलं गेलं की रॉकेल कितीही चोळा, वरचा ओशटपणा तेवढा जातो.

वैतागून कुणी कॉस्टिक सोडा काढतं. लोखंडी कढईला तो चालेल, पण हे इंजिन अॅल्युमिनियमचं. कॉस्टिक अॅल्युमिनियमलाच खातो, हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि चकचकीत धातू काळा पडून खरबरीत होतो. तारेच्या घासणीबद्दल तर न बोललेलंच बरं.

कामाला येतो तो गाडीच्या रेडिएटरमधला इथिलीन ग्लायकॉलवाला कूलंट. ग्लायकॉलच्या रेणूवर दोन हायड्रॉक्सिल गट असतात. गरम असताना तो थरात मुरतो आणि थर मऊ पडतो. शिवाय अॅल्युमिनियम गंजू नये म्हणून कूलंटमध्ये द्रव्यं आधीच घातलेली असतात. प्लास्टिक आणि रबराचे भाग काढून इंजिन कूलंटच्या भांड्यात बुडवायचं आणि ते भांडं उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवायचं, म्हणजे तापमान १०० अंशांपुढे जातच नाही. काही तास लागतात. नंतर जुन्या टूथब्रशने थर सुटून येतो.

हे घराबाहेर, मोकळ्या हवेत करावं. ग्लायकॉल गोड लागतो आणि विषारी असतो; यकृतात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होतं आणि मूत्रपिंडात त्याचे स्फटिक साचतात. सांडलेला कूलंट कुत्री-मांजरं चाटतात. ते भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही आणि उरलेला कूलंट गटारात ओतायचा नाही.

शेवटी गरम पाण्याने धुऊन इंजिन पूर्ण वाळवा आणि लगेच बेअरिंगमध्ये पातळ तेल सोडा. आतलं तेल सगळं निघून गेलेलं असतं, आणि उघडं पोलाद बडोद्याच्या पावसाळी हवेत एका रात्रीत तांबूस होऊ शकतं.