चामडेकाम : नवशिक्यासाठी ओळख (कोल्हापूर)

चामडेकाम : जनावराच्या कमावलेल्या कातडीपासून हाताने वस्तू घडवण्याची कला. बोलताना कातडी आणि चामडे हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सहज वापरतो. कारागिराच्या लेखी मात्र ते वेगळे आहेत. जनावराच्या अंगावरून उतरते ती कातडी, आणि ती कमावली की चामडे. कातडी तशीच ठेवली तर सडते, नुसती वाळवली तर पत्र्यासारखी ताठ होते. चामडे भिजते, वाळते, वळते, आणि नीट वागवले तर वर्षानुवर्षे टिकते.

कोल्हापूर भागात या कामाचा पसारा एकेकाळी आजच्यापेक्षा मोठा होता. विहिरीवरची मोट, पाणी वाहण्याची पखाल, बैलांचे पट्टे, चाबूक हे सगळे चामड्याचेच असे. इंजिने आणि विजेचे पंप आले तशी मोट गेली, पखाल गेली. पायताण तेवढे राहिले. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) या धंद्याला राजाश्रय मिळाला. आज शहरातली चप्पल लाईन ही विक्रीची जागा म्हणून सर्वांना ठाऊक आहे, पण काम पाहायचे तर सुभाषनगरसारख्या वस्तीत, घरांच्या ओसरीवर जावे लागते. कातडी कमावण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या ढोर समाजाने केले आणि वस्तू घडवण्याचे चर्मकार समाजाने. अस्पृश्यतेचा जाच सोसत त्यांनी हे ज्ञान जिवंत ठेवले. छंद म्हणून शिकायला येणाऱ्याने एवढे मनात ठेवूनच त्या ओसरीवर बसावे.

कमावणे : नवशिक्या हे काम स्वतः करत नाही, तरी ते समजून घेतल्याशिवाय चामडे ओळखता येत नाही. जुन्या पद्धतीत मीठ लावलेली कातडी धुऊन चुन्याच्या पाण्यात मुरवतात. केस सैल होतात, मग केस आणि आतले मांस खरवडून काढतात. चुना धुऊन काढल्यावर बाभळीची साल आणि हिरडा यांच्या काढ्याची पाळी येते. कातडी पिशवीसारखी शिवून टांगतात, तिच्यात साल आणि पाणी भरतात, आणि अर्क हळूहळू आतून बाहेर झिरपत राहतो. खाली गळलेले पाणी पुन्हा पिशवीत ओततात. सालीतले तुरट द्रव्य, म्हणजे टॅनिन, कातडीच्या तंतूंना घट्ट धरते; त्यानंतर ती सडत नाही. याला आठवडेच्या आठवडे लागतात. कारखान्यात क्रोमियमच्या क्षारांनी हेच काम एखाद्या दिवसात उरकते, पण चामडे निराळे होते : मऊ, पाण्याला फारसे न जुमानणारे, दाबलेला ठसा न धरणारे. सालीवर कमावलेले चामडे ओले केले की मातीसारखे आकार घेते आणि वाळल्यावर तो सोडत नाही. शिकण्यासाठी हेच घ्यावे. दुकानात ओळखायची खूण सोपी आहे. कापलेली कड पाहावी : सालीचे चामडे आरपार तपकिरी दिसते, क्रोमच्या चामड्याची कड बऱ्याचदा निळसर किंवा राखी असते. पाण्याचा थेंब टाकला तर सालीचे, रंगरोगण न चढवलेले चामडे तो पटकन पिते आणि तेवढ्या जागी गडद होते.

चामडे चौरस फुटावर विकले जाते आणि नवशिक्या इथेच फसतो, कारण एका कातडीत सगळी जागा सारखी नसते. पाठीचा भाग घट्ट व एकजिनसी. पोटाचा सैल, ओढला की ताणणारा. पोटाच्या भागातून कापलेला कमरपट्टा काही महिन्यांत लांबतो. म्हणून पहिल्या कामांसाठी पूर्ण चामडे घेऊच नये. कारखान्यात कापून उरलेले तुकडे, म्हणजे कातरण, वजनावर मिळाले तर तेच घ्यावेत. हात बसेपर्यंत चामडे वाया जाणारच.

हत्यारे : रापी, आरी (भोके पाडण्याचे टोकदार हत्यार), हातोडा, लोखंडी पट्टी, दोन बोथट सुया, मेण लावलेला दोरा, आणि खाली ठेवायला लाकडी ठोकळा. एवढ्यावर पहिले वर्ष निघते. तयार संच विकत घेण्याची घाई करू नये. त्यातली निम्मी हत्यारे पडून राहतात. खरा वेळ द्यायचा तो रापीला. रुंद पात्याची ही सुरी कापते, कड पातळ तासते, जाड चामडे सोलते. तिला धार नसेल तर हात जोर लावतो, आणि जोर लावलेला हातच कापला जातो. पहिला आठवडा फक्त धार लावण्यात आणि कातरणीवर सरळ रेघा कापण्यात गेला तरी तो सत्कारणी लागला असे समजावे. रापी अंगाकडे ओढताना दुसरा हात तिच्या वाटेत कधीही ठेवू नये.

शिवण : एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून पार. शिवणीच्या लांबीच्या साधारण चौपट दोरा घ्यावा. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की शिवण उसवत जाते. या हातशिवणीत एक टाका तुटला तरी शेजारच्या टाक्यात दुसऱ्या बाजूचा दोरा तग धरतो. आरीचे भोक चामडे कापून काढत नाही, नुसते बाजूला सारते. म्हणून टाका ओढला की ते दोऱ्याभोवती मिटते. आरी दर वेळी एकाच तिरकसपणे धरली तर टाके एका ओळीत पडतात. शिवण झाली की कडा किंचित ओल्या करून लाकडाने वा जाड कापडाने चकाकी येईपर्यंत घासाव्यात.

पहिली वस्तू किल्लीचा पट्टा किंवा चष्म्याचे घर असावी. कोल्हापुरी चप्पल साधी दिसते, पण ती नवशिक्याचे काम नाही. तिच्यात खिळा नसतो. म्हशीच्या जाड चामड्याचा तळ चामड्याच्याच वादीने, म्हणजे बारीक कापलेल्या पट्टीने, शिवतात. दोन बाजूंचे कान, म्हणजे बाहेर निघालेले चामड्याचे तुकडे, तळाच्या थरांत धरलेले असतात, त्यांच्या आधाराने पायावरचा पट्टा बसतो, पुढे पायाचा अंगठा अडकवायची जागा (तिलाही अंगठाच म्हणतात), आणि पट्ट्यावर बारीक वादीची वेणी. वेणी घालणे आणि वरची कलाकुसर हे बऱ्याच घरांत बायकांचे काम. एका जोडीत त्यांचे किती तास असतात हे विकत घेणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. कान जरा इकडेतिकडे बसला तरी पट्टा पायाला लागतो. कापशी हा नावाजलेला प्रकार कागल तालुक्यातल्या कापशी गावावरून ओळखला जातो.

ज्याला पुढे विक्री करायची आहे त्याच्यासाठी एक गोष्ट महत्त्वाची. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागात बनलेल्या मालालाच ते नाव राखून ठेवणारी कायदेशीर नोंद, मिळाल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे आठ जिल्हे येतात. शिकायला, स्वतःसाठी बनवायला कोणालाच मनाई नाही. पण बाहेर बनवलेली चप्पल या नावाने विकता येत नाही.

सुरुवात पावसाळा सरल्यावर करावी. कोल्हापूरच्या पावसात चामड्यावर दोन दिवसांत बुरशी चढते आणि ओला तळ फुगतो. भिजलेली वस्तू चुलीजवळ किंवा उन्हात ठेवली तर तडकते. ती सावलीत, वाऱ्यावर वाळवावी आणि नंतर तेलाचा हलका हात फिरवावा.