सान्जोगाताके: दोरोगावाचा डोंगर आणि स्त्रियांच्या प्रवेशाचा प्रश्न

जपानच्या नारा प्रांतातील ओमिने रांगेत सान्जोगाताके हे १,७१९ मीटर उंचीचे शिखर आहे. तेथे जाण्यास स्त्रियांना आजही मज्जाव आहे. पर्वतसाधनेच्या शुगेंदो पंथाचा उगम परंपरेने सातव्या शतकातील एका तपस्व्याशी जोडला जातो; आजच्या वादाची मुळे मात्र आधुनिक काळात आहेत.

१८७२ मध्ये तत्कालीन सरकारने देवस्थानांतील स्त्रीबंदी उठवली आणि त्याच वर्षी शुगेंदोवरही बंदी घातली. फुजीसारखे डोंगर स्त्रियांना खुले झाले, पण येथे रूढी टिकली. दुसऱ्या महायुद्धानंतर पंथ पुन्हा उघडपणे उभा राहिला.

पायथ्याच्या दोरोगावा गावाचे पोट या डोंगरावर चालत आले आहे. यात्रेकरूंच्या जथ्याला एकाच वेळी पादत्राणे सोडता यावीत म्हणून तेथील धर्मशाळांना रस्त्याच्या बाजूने लांबच लांब ओसरी असते. दुकानांत किहादा झाडाच्या सालीपासून केलेल्या, पोटाच्या तक्रारींवरच्या कडू गोळ्या मिळतात. ३ मे ते २३ सप्टेंबर या हंगामात येणाऱ्यांचे आदरातिथ्य करण्यात गावातील स्त्रियांचा मोठा वाटा असतो आणि नेमके त्यांनाच शिखर वर्ज्य आहे, ही बाब या चर्चेत फार कमी वेळा मांडली जाते.

१९६० मध्ये गावातील मंदिर आणि शेजारचे इनामुरागाताके शिखर स्त्रियांना खुले झाले. १९७० मध्ये सान्जोगाताकेची बंदीची हद्द आणखी वर सरकली. खरा पेच पुढे आला. शुगेंदोचा संस्थापक मानल्या जाणाऱ्या त्या तपस्व्याच्या १,३००व्या पुण्यतिथीनिमित्त २००० मध्ये बंदी उठवावी, असा विचार डोंगरावरील मंदिर सांभाळणाऱ्या मठांनी पुढे आणला. यात्रेकरू मंडळे आणि ग्रामस्थ यांचे मन वळवणे बाकी असतानाच १९९९ च्या उन्हाळ्यात काही स्त्रिया शिखरावर जाऊन आल्या. आपल्याला डावलले गेले, अशी भावना पसरली आणि निर्णय बारगळला. त्या स्त्रियांच्या घाईला दोष देणे सोपे आहे. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वीच सरकारी आदेशाने रद्द झालेली बंदी उठवण्यासाठी त्यांनी आणखी किती थांबावे, याचे उत्तर विरोधकांनी दिले नाही.

२००४ मध्ये हा परिसर जागतिक वारशाच्या यादीत आला, तेव्हा बंदीविरुद्ध सह्यांची मोहीमही झाली. वाटेवरील कमानीजवळचा फलक आजही स्त्रियांना पुढे न जाण्यास सांगतो. त्यामागे कोणताही कायदा नाही, केवळ रूढीचा आग्रह आहे.