बहात्तरचा ऑगस्ट आणि डीप पर्पलचा 'मेड इन जपान'

आमच्याकडं नुसतं 'बहात्तर' म्हटलं की जुन्या माणसाला पुढचं काही सांगावं लागत नाही. दुष्काळ. लाल मिलो, सुकडी, खडी फोडून सोलवटलेले हात. माझी आजी कुठलीही गोष्ट 'बहात्तरच्या आधीची' का 'नंतरची' अशीच लावायची, मग ते कुणाचं लग्न असो की विहिरीचं पाणी. आणि मला आयुष्यात सगळ्यात जास्त आवडलेला अल्बमपण नेमका त्याच वर्षीचा, त्याच ऑगस्टातला आहे, म्हणजे इकडं लातूर-उस्मानाबादला माणसं आभाळाकडं बघत बसलेली तेव्हा तिकडं जपानात ओसाकाच्या एका हॉलमधी इंग्लंडची पाच पोरं स्टेजवर उभी होती आणि खाली एक टेपमशीन फिरत होतं. दोन्हीचा एकमेकाशी काही संबंध नाही हे कळतं मला. पण माझ्या डोक्यात त्या दोन गोष्टी शेजारी शेजारीच राहतात.

अल्बम म्हणजे डीप पर्पल या रॉक बँडचा 'मेड इन जपान'. सातच गाणी, पण डबल एलपी, म्हणजे दोन मोठ्या तबकड्या, सगळं मिळून साधारण सत्त्याहत्तर मिनिटं. पन्नास वर्षं उलटून गेली तरी रॉक ऐकणारी माणसं लाइव्ह अल्बमचा विषय निघाला की पहिल्या चार-पाचात याचं नाव घेतातच. असं का, हे समजायचं तर थोडं मागं जावं लागतं.

बँड सुरू झाला १९६८ला. पण आपण ज्याला डीप पर्पल म्हणतो तो खरा जमला १९६९ला, इयन गिलन गायला आणि रॉजर ग्लोव्हर बेसवर आला तेव्हा. गिटारवर रिची ब्लॅकमोर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड आणि ड्रम्सवर इयन पेस हे तिघं आधीपासूनचे. गंमत अशी की या पाच जणांचा पहिला अल्बम लाइव्हच होता, पण तो वेगळाच प्रकार, सप्टेंबर १९६९ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधी अख्ख्या रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रासोबत वाजवलेला, लॉर्डनं लिहिलेला कॉन्चेर्टो, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची लांबलचक रचना. नाव झालं, पण लोकांना वाटायला लागलं हा ऑर्केस्ट्रावाला बँड आहे, आणि ब्लॅकमोरला ते अजिबात नको होतं. म्हणून १९७०ला 'इन रॉक' आला, एकदम जोरकस, मग 'फायरबॉल', मग मार्च १९७२ला 'मशीन हेड'.

'मशीन हेड'ची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. डिसेंबर १९७१ला हे लोक स्वित्झर्लंडला मोंट्रोला गेले होते, तिथल्या कॅसिनोत रेकॉर्डिंग करायचं ठरलं होतं, तर आदल्या दिवशी फ्रँक झापा या अमेरिकन गिटारवाल्याचा कार्यक्रम चालू असताना गर्दीतल्या कुणीतरी फ्लेअर गन, म्हणजे इशाऱ्याचा जाळ उडवायची बंदूक, छताकडं उडवली आणि कॅसिनो जळून खाक. धूर तळ्यावर पसरलेला यांनी डोळ्यानं बघितला आणि त्याच्यावरच 'स्मोक ऑन द वॉटर' झालं. मग रेकॉर्डिंग केलं हिवाळ्यात बंद पडलेल्या एका हॉटेलात, बोळीत गाद्या उभ्या करून, रोलिंग स्टोन्सचा रेकॉर्डिंगचा ट्रक बाहेर लावून. हे सांगायचं कारण असं की पुढच्याच ऑगस्टात ओसाकाला ते गाणं वाजलं तेव्हा ते जगात कुणाच्या तोंडी नव्हतं. अमेरिकेत सिंगल म्हणून निघालं ते १९७३ला. आज गिटार हातात घेणारं प्रत्येक पोरगं पहिलं तेच वाजवतं, पण ओसाकाच्या लोकांसाठी ते नव्या रेकॉर्डवरचं एक गाणं एवढंच होतं. त्या टेपवर बँडपण ते कसलाही तोरा न दाखवता वाजवतो, आणि मला वाटतं ते म्हणूनच इतकं ताजं राहिलंय.

आता लाइव्ह अल्बमचं. त्या काळात यांना तो करायचाच नव्हता. स्टेजवर जे होतं ते रेकॉर्डमधी येतच नाही असं यांचं मत होतं, आणि ते खोटंपण नव्हतं, कारण तेव्हाच्या बऱ्याच लाइव्ह रेकॉर्डी नुसत्या गोंगाटाच्या असायच्या. दुसरीकडं चोरून केलेल्या रेकॉर्डिंगचा धंदा जोरात होता, कुणीतरी गर्दीत माइक लपवून न्यायचं आणि तसल्या प्लेटा बाजारात विकल्या जायच्या. म्हणजे ऐकणाऱ्याला पाहिजेच होतं. आणि यांचं स्टेजवरचं वाजवणं स्टुडिओपेक्षा पार वेगळं, आवाजपण एवढा की १९७२च्या लंडनच्या रेनबो थिएटरमधल्या कार्यक्रमाचे ११७ डेसिबल गिनीज बुकात गेले.

मग जपानच्या रेकॉर्ड कंपनीनं मागणी केली की आमच्यापुरता एक लाइव्ह अल्बम द्या, फक्त जपानात विकू. बँड तयार झाला पण अटी घातल्या: इंजिनिअर आमचा येणार, टेप आमच्या ताब्यात राहणार, आणि आवडलं नाही तर निघणार नाही. इंजिनिअर म्हणजे मार्टिन बर्च, ज्यानं पुढं आयर्न मेडन या दुसऱ्या मोठ्या बँडचे अल्बम केले. आठ ट्रॅकचं मशीन, म्हणजे आठच आवाज वेगवेगळे टिपणारं, बस. आजकाल नुसत्या ड्रम्सला त्याहून जास्त माइक लावतात.

तीन रात्री झाल्या. १५ आणि १६ ऑगस्ट ओसाकाला, १७ला टोकियोच्या बुडोकानमधी. १५ ऑगस्ट म्हणजे बघा, दिल्लीत स्वातंत्र्याचा रौप्यमहोत्सव चालू होता तो दिवस. पहिल्या रात्रीतलं अल्बमवर एकच गाणं आहे, 'स्मोक ऑन द वॉटर'. १६ तारखेची चार आहेत, 'हायवे स्टार', 'चाइल्ड इन टाइम', 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन' आणि 'स्पेस ट्रकिन'. टोकियोची दोन, 'द म्यूल' आणि 'लेझी'. नंतर स्टुडिओत काही भरलं नाही, चुकलेला सूर झाकला नाही, मिक्सिंगलासुद्धा पाचातले दोघंच आले, ग्लोव्हर आणि पेस. बाकीच्यांना ते एवढं महत्त्वाचं वाटलंच नाही. ऐकल्यावर मात्र कळलं की हे फक्त जपानापुरतं ठेवण्यासारखं नाही, मग डिसेंबर १९७२ला इंग्लंडात निघाला आणि १९७३ला अमेरिकेत, तिथं सहाव्या नंबरपर्यंत गेला. जपानात त्याचं नाव 'लाइव्ह इन जपान' होतं. आणि 'मेड इन जपान'च्या कव्हरवरचा फोटो जपानचा नाहीच, तो लंडनमधल्या कार्यक्रमाचा आहे.

माझ्यापर्यंत हे पोचलं नव्वदच्या दशकात, कॅसेटवर. चुलतभाऊ औरंगाबादला इंजिनिअरिंगला होता, होस्टेलमधी कुणाकडं तरी ओरिजिनल होती, त्यानं ती सुट्टीत आणली आणि लातूरला गंजगोलाईजवळच्या एका दुकानात कोऱ्या कॅसेटमधी भरायला दिली. तेव्हा अशी दुकानं असायची, यादी द्यायची आणि दोन दिवसांनी यायचं. आता सत्त्याहत्तर मिनिटांना नव्वदची कॅसेट लागते आणि दुकानदारानं भरली साठच्यात. एका बाजूला तीस मिनिटं. त्यामुळं ए साइडला 'द म्यूल'मधला ड्रम सोलो ऐन रंगात यायच्या आधीच खट्ट करून बटण वर यायचं, आणि बी साइडला 'स्पेस ट्रकिन' दहा मिनिटांवर तुटायचं. मला कितीतरी वर्षं वाटायचं ते गाणं तेवढंच आहे, असंच मधी संपतं.

गावाकडं लोडशेडिंग असलं की टेप सेलवर लावायचा. सेल उतरायला लागले की गिलनचा आवाज जड होत जायचा, आणि 'चाइल्ड इन टाइम'मधल्या त्या किंकाळ्या तर एखादी म्हैस हंबरल्यासारख्या यायच्या, मग सेल काढून पत्र्यावर उन्हात ठेवायचे अन् परत लावायचे. वॉकमनच्या इयरफोनची एक बाजू बंद होती, तर नुसता ऑर्गनच मोठा आणि गिटार कुठंतरी लांब ऐकू यायची, कारण या रेकॉर्डिंगमधी गिटार एका बाजूला आणि ऑर्गन दुसऱ्या बाजूला ठेवलाय. पण त्यामुळं फायदा झाला. जॉन लॉर्डचं काम मला वेगळं ऐकायला मिळालं. तो हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल अँप्लिफायरमधून काढायचा म्हणून त्याला ती करकर आहे, मी तर पहिले सहा महिने ती दुसरी गिटारच समजत होतो.

'चाइल्ड इन टाइम'ची सुरुवातीची ऑर्गनची धून आहे ना, ती मुळात सॅन फ्रान्सिस्कोच्या 'इट्स अ ब्यूटिफुल डे' नावाच्या बँडच्या १९६९च्या एका तुकड्यावरून घेतलेली, आणि त्या तुकड्याचं नाव 'बॉम्बे कॉलिंग'. यांनी ती संथ केली आणि तिच्यावर आपलं गाणं उभं केलं. हे मला लई उशिरा कळलं आणि कळलं तेव्हा त्या रात्री मी ते चार वेळा ऐकलं.

पण या अल्बमचं खरं मर्म मला कळलं ते मामामुळं. मामा तुळजापूरकडचा, गोंधळ म्हटलं की रात्र रात्र बसणारा माणूस, इंग्रजीचा एक शब्द येत नाही. मी अंगणात 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन' लावलेलं, त्यात शेवटी गिलन तोंडानं एक ओळ म्हणतो आणि ब्लॅकमोर तीच गिटारवर काढून दाखवतो, मग तो आणखी वर जातो, हापण जातो, असं बराच वेळ चालतं. मामा म्हणला, "काय लावलालास रे हे?" म्हणलं इंग्रजी आहे. थोडा वेळ ऐकून म्हणला, "हे तर सवाल-जवाब चालू हैत की." आणि मग पुढं कॅसेट संपेपर्यंत उठला नाही.

त्याला जे एका ऐकण्यात कळलं तेच या अल्बमचं टिकणं आहे असं मला वाटतं. आपल्याकडं समोर बसून ऐकायची सवयच आहे. संबळवाला लय वाढवतो ती समोरची माणसं बघून, कीर्तनकार एकच अभंग घेऊन दोन तास जातो, खुलताबादला उरुसात कव्वाल एकच ओळ वीस वेळा घोळवतो आणि दरवेळी ती वेगळी लागते. तिथं लांबी म्हणजे ताणणं नसतं, लांबी म्हणजे एकमेकाला ऐकणं. 'स्पेस ट्रकिन' स्टुडिओत साडेचार मिनिटांचं आहे, ओसाकाला ते वीस मिनिटांचं झालं, आणि त्यातला मोठा तुकडा मुळात त्यांच्या १९६८च्या 'मँड्रेक रूट' या गाण्याच्या मागं वाजायचा. तो वर्षानुवर्षं स्टेजवर घासून घासून तयार झाला आणि मग या गाण्याला येऊन चिकटला. रोज रात्री वेगळा. म्हणजे या टेपवर आहे ती त्या तीन रात्रींतली एक रात्र, पक्की झालेली चाल नाही.

आणि माणसं ऐकू येतात. ओसाकाचे लोक हळू जागी गप्प बसतात, एकदम गप्प, आणि जोर आला की टाळ्या धरतात. दोन गाण्यांच्या मधी कुणीतरी स्टेजवरचा मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्यांना आपलं आपल्याला ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर, वाढवायला सांगतं तर गिलन म्हणतो की सगळंच सगळ्यापेक्षा मोठं करा. हे काढून टाकता आलं असतं, काढलं नाही. नंतरच्या काळात कितीतरी मोठमोठ्या बँडांनी लाइव्ह म्हणून विकलेल्या रेकॉर्डी स्टुडिओत बसून दुरुस्त केलेल्या असतात, गाणंसुद्धा परत म्हटलेलं असतं. ते वाईट लागतं असं नाही, पण दहाव्या वेळी ऐकताना त्यात नवीन काही सापडत नाही. 'मेड इन जपान'मधी मला अजून सापडतं, मागच्याच महिन्यात 'लेझी'मधी पेस एका जागी ठोका मागं ओढतो आणि ग्लोव्हर लगेच त्याला सांभाळून घेतो हे पहिल्यांदा ऐकलं.

हे पाच जण मात्र टिकले नाहीत. गिलन आणि ब्लॅकमोरचं पटेना, सतत दौरे, थकवा. २९ जून १९७३ला गिलन-ग्लोव्हरचा शेवटचा कार्यक्रम झाला तो परत ओसाकालाच. वर्षसुद्धा झालं नव्हतं. १९८४ला परत एकत्र आले, १९९३ला ब्लॅकमोर कायमचा गेला. बँड भारतात आला १९९५ला, त्याच्याशिवायच. जॉन लॉर्ड २०१२ला गेला, मार्टिन बर्च २०२०ला. इकडं मुंबईत १९८६ला 'इंडिपेंडन्स रॉक' नावाचा रॉकचा कार्यक्रम रंगभवन थिएटरात सुरू झाला, तोपण ऑगस्टातच, आणि तिथं जाऊन आलेली आमच्या भागातली पोरं सांगायची की यांची गाणी वाजली की रंगभवन सगळं एका सुरात ओरडतं. अल्बम पुन्हा पुन्हा निघत राहिला, १९९३ला तिन्ही रात्रींचा तीन सीडींचा संच, १९९८ला सुधारून आणि परत बोलावल्यावर वाजवलेली गाणी जोडून, २०१४ला मोठा बॉक्स.

मी १९९८वाली सीडी घेतली नोकरी लागल्यावर. घरी आणून थेट 'स्पेस ट्रकिन' लावलं. दहाव्या मिनिटाला हात आपोआप टेपच्या बटणाकडं जायला लागला, आणि पुढं वाजतच राहिलं. ऑर्गन निवत खाली आला, ब्लॅकमोर गिटारची व्हॉल्यूमची कळ फिरवत फिरवत सूर उचलायला लागला, तार छेडल्याचा आवाजच नाही, नुसता सूर कुठूनतरी फुगत येतो, एखाद्यानं सारंगीवर गज ओढल्यासारखा. हॉलमधी कुणी खोकतसुद्धा नव्हतं. मी मामाला फोन लावला आणि रिसीव्हर स्पीकरजवळ धरला.