‘फूटप्रिंट’ हा शब्द मराठवाड्याच्या उसात कसा आला

ओल्या मातीत उमटलेलं पाऊल, हा ‘फूटप्रिंट’चा अर्थ शाळेतच कळतो. एखाद्या वस्तूने व्यापलेली जागा हा अर्थ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला. आज आपल्याकडचे वास्तुविशारदही ‘बिल्डिंगचा फूटप्रिंट’ म्हणतात, तो याच अर्थाने.

पुढचं वळण 1992 चं. माणसाच्या गरजा भागवायला किती जमीन लागते याचा हिशेब मांडणाऱ्या कॅनडातल्या एका अभ्यासकाला नावच सापडत नव्हतं. त्याचा नवा संगणक टेबलावर किती कमी जागा घेतो, याचं कौतुक करताना तंत्रज्ञाने ‘फूटप्रिंट’ हा शब्द वापरला आणि अभ्यासकाने तो उचलला. ‘कार्बन फूटप्रिंट’ घरोघरी पोचवला तो मात्र एका ब्रिटिश तेल कंपनीच्या जाहिरातींनी, 2004 च्या सुमारास. तेल विकणाऱ्याने हिशेब गिऱ्हाइकाच्या गळ्यात घातला, ही टीका आजही होते आणि ती रास्त आहे.

मराठवाड्याचा खरा संबंध 2002 मध्ये पुढे आलेल्या ‘वॉटर फूटप्रिंट’शी. पीक किंवा वस्तू तयार होईपर्यंत लागलेलं सगळं पाणी त्यात मोजतात. लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. उसाला किती पाणी लागतं ही चर्चा तेव्हा पारावर पोचली, आणि तिथेच सगळा गुंता झाला.

उसाची बाजू घेणारे जागतिक सरासरी पुढे करतात. किलोभर उसाला सुमारे दोनशे लिटर पाणी, किलोभर डाळवर्गीय धान्याला चार हजार. मग पाणीखाऊ कोण, ऊस की तूर? आकडे खरे आहेत, पण हे माप तीन रंगांत विभागलेलं आहे आणि वाद घालताना नेमके तेच गाळले जातात. हिरवं म्हणजे जमिनीत मुरून पिकाने घेतलेलं पावसाचं पाणी. निळं म्हणजे धरण, विहीर किंवा बोअरमधून उपसलेलं. करडं म्हणजे प्रदूषण विरळ करायला लागणारं.

हा हिशेब एका एकरावर मांडून पाहू. एकरी चाळीस टन ऊस धरला तर दोनशे लिटरने 80 लाख लिटर पाणी होतं. वर्षाचा सातशे मिलिमीटर पाऊस थेंब न वाहता मुरला असं मानलं, तरी एकरावर साधारण 28 लाख लिटर पडतात. उरलेले 52 लाख उपसावेच लागतात. लातूरला आलेल्या पन्नास वाघिणींच्या गाडीत 25 लाख लिटर पाणी असायचं, म्हणजे एका एकराला अशा दोन गाड्या. तुरीचं पाच क्विंटल उत्पन्न धरा: 20 लाख लिटर, सगळं पावसात भागणारं. किलोमागे वीसपट दिसणारी तूर धरणातून काहीच मागत नाही.

म्हणून मराठवाड्यात ‘फूटप्रिंट’चा आकडा रंगाशिवाय सांगणं म्हणजे लोकांची दिशाभूल आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ब्राझीलच्या उसाचा बराचसा ठसा हिरवा असतो. ती सरासरी आपल्या बोअरवरच्या उसाला लावून चालणार नाही.

2019 मध्ये एका प्रशासकीय अहवालाने मराठवाड्यात ऊसबंदीची शिफारस केली. त्यावरून रान उठलं आणि ती अमलात आली नाही. शेतकऱ्याची अडचण खोटी नव्हती. उसाला ठरलेला दर आहे आणि नेणारा कारखाना आहे. तूर आणि सोयाबीनचा भाव मात्र बाजार समितीत गेल्याशिवाय कळत नाही. ही हमी दुसऱ्या पिकाला न देता बंदीची भाषा करणं चूकच होतं.

त्याआधी 2017 मध्ये राज्याने उसाला ठिबक सक्तीचं करण्याचा निर्णय घेतला होता. पाटाने मोकळं पाणी सोडण्यापेक्षा ठिबकने टनामागचा निळा ठसा नक्की घटतो. पण वाचलेल्या पाण्यावर शेजारच्या एकरात आणखी ऊस लावला, तर धरणातून जाणारं पाणी तेवढंच राहतं, आणि टनामागचं माप ते दाखवत नाही.