लेकराचं तापाचं औषध : फोन करण्याआधी बाटली हातात घ्या

रात्री दुकानाचा फोन वाजला की प्रश्न बहुतेक एकच असतो. “लेकराला ताप आहे, मागच्या वेळी पाच एमएल दिलं होतं. आताही तेवढंच देऊ का?” आम्ही लगेच हो म्हणत नाही. वजन किती आणि बाटलीवर किती एमजी लिहिलंय, हे विचारतो. मग तिकडे बाटलीची शोधाशोध, आणि इकडे काउंटरवर गिऱ्हाइकं ताटकळतात. काहींना हा आमचा आडमुठेपणा वाटतो. पण पॅरासिटामॉलची प्रत्येक बाटली सारख्या ताकदीची नसते.

साध्या सिरपच्या ५ एमएलमध्ये १२० किंवा १२५ एमजी औषध असतं, ‘डीएस’ म्हणजे डबल स्ट्रेंथ सिरपमध्ये सहसा २५०. तान्ह्या बाळांच्या ड्रॉप्समध्ये तर बहुधा १ एमएलमध्येच १०० एमजी. एका वेळचा डोस किलोमागे १० ते १५ एमजी. म्हणजे १० किलोच्या लेकराला जास्तीत जास्त १५० एमजी. १२०च्या सिरपचे ते सव्वासहा एमएल, डीएसचे ३ आणि ड्रॉप्सचे फक्त दीड. ड्रॉप्सची बाटली चिमुकली म्हणून औषध सौम्य, असं धरून चालणारे पुष्कळ भेटतात. प्रत्यक्षात तेच सगळ्यात कडक. धाकटीचे ड्रॉप्स थोरल्याला सिरपच्या मापाने पाजले, तर चौपट औषध पोटात जातं. असा जादा डोस यकृताला बाधतो, आणि पहिल्या दिवशी मूल वरून ठीकठाकच दिसू शकतं.

दोन डोसांत ४ ते ६ तास जाऊ द्या, २४ तासांत ४ डोसांच्या वर नको. सर्दीच्या कित्येक सिरपमध्येही पॅरासिटामॉल असतं, तेव्हा दोन्ही सोबत देण्याआधी लेबल वाचा. घरचा चमचा वापरू नका, खुणा असलेली सिरिंज आमच्याकडे मिळते.

“ताप झटकन उतरेल असं काहीतरी द्या ना,” असंही ऐकू येतं. आयबुप्रोफेन आणि मेफेनामिक ॲसिड आम्ही चिठ्ठीशिवाय देत नाही, ओळखीच्यांनाही नाही. पावसाळ्यात आणि नंतर नागपुरात डेंग्यूची भीती असते. डेंग्यूत या औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. निमेसुलाइडवर तर १२ वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ पासून बंदी आहे. ॲस्पिरिनही नको.

बाळ तीन महिन्यांच्या आतलं असून ताप १००.४ किंवा त्याहून जास्त असेल, मूल मलूल पडलं असेल, पाणी घेत नसेल किंवा झटका आला असेल, तर आम्हाला फोन करण्यात वेळ घालवू नका. सरळ दवाखाना गाठा.

दुकानात वजनकाटा ठेवलाय. काही घ्यायचं नसलं तरी लेकराला घेऊन या. बाटली आमच्याकडून घेतली तर वजनाप्रमाणे डोस आम्ही तिच्यावर मार्करने लिहून देतो. दोन-तीन महिन्यांनी वजन वाढलं की पुन्हा आणा, आकडा बदलून देऊ. घरात जुन्या बाटल्या पडल्या असतील तर त्याही आणा, तारखा तपासून देतो. आणि मे महिन्यात औषध गाडीच्या डिक्कीत ठेवून बाजार करत फिरू नका, आमच्याकडून शेवटी घ्या.